दालियानचं तिकीट: असिसात ओशोआलाच्या एका निर्णयाचं प्रकरण

३० ऑक्टोबर २०२२ ची संध्याकाळ. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात तिसऱ्या क्रमांकाचा सामना होता. नायजेरिया आणि जर्मनी ३-३ वर अडले आणि पेनल्टीवर नायजेरियाच्या मुलींनी कांस्यपदक नेलं. या वयोगटातलं त्यांच्या देशाचं हे पहिलंच पदक. चारच दिवसांपूर्वी याच मुली मडगावला, फातोर्ड्याच्या मैदानावर, कोलंबियाकडून पेनल्टीवरच हरल्या होत्या. स्पेनच्या मुली विश्वचषक घेऊन परतल्या तेव्हा त्यांचे क्लब, प्रशिक्षक आणि पुढचा हंगाम घरी वाट पाहत होता. नायजेरियाच्या मुलींसाठी मात्र खरा प्रश्न विमानात बसल्यावर सुरू होतो: आता बाहेर कधी जायचं, कुठे जायचं आणि पहिला क्लब चुकला तर काय करायचं?

त्यातला तिसरा प्रश्न इथे घेतला आहे. पहिले दोन क्लब जमले नाहीत, तिसरा ज्या देशात होता त्याला जाणकार नाकं मुरडत होते, आणि तरीही तोच रस्ता बार्सिलोनाला पोचला, असं हे प्रकरण आहे. प्रकरण अभ्यासात माणसाचं नाव झाकायची रीत आहे. पण आफ्रिकेची सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू म्हणून सहा वेळा निवडली गेलेली नायजेरियन म्हटलं की नाव झाकून उपयोग काय? म्हणून असिसात ओशोआला हे नाव ठेवलं आहे. घरची माणसं, एजंट आणि क्लबांतले कर्मचारी मात्र निनावीच आहेत. इथला वृत्तान्त सार्वजनिक नोंदीतला आहे, त्यावरचं मत माझं.

पार्श्वभूमी

ओशोआलाचा जन्म ऑक्टोबर १९९४ चा, लागोस राज्यातल्या इकोरोडूचा. मुलीने शिकावं असं आईवडिलांना वाटत होतं. मुलीने चेंडूमागे धावणं त्यांना पसंत नव्हतं, हे ती स्वतःच सांगत आली आहे. लागोसच्या एफसी रोबो क्लबात तिचा खेळ घडला आणि तिथून ती पोर्ट हारकोर्टच्या रिव्हर्स एंजल्सकडे गेली. देशांतर्गत लीगमधली ही मोठी नावं. पण मोठ्या नावामागे मोठा पगार असतो, असं तिकडेही नाही.

२०१४ मध्ये कॅनडात वीस वर्षांखालील विश्वचषक झाला. तिने सात गोल केले, सर्वाधिक गोलांचा आणि सर्वोत्तम खेळाडूचा असे दोन्ही पुरस्कार घेतले. अंतिम सामना जर्मनीने जादा वेळेत १-० असा जिंकला. त्याच वर्षी देशाच्या मोठ्या महिला संघातून आफ्रिकेचं अजिंक्यपद मिळालं आणि त्या वर्षाची खंडाची सर्वोत्तम खेळाडू म्हणूनही तिचीच निवड झाली. एवढं सगळं एका वर्षात झालं की फोन वाजू लागतात. जानेवारी २०१५ मध्ये ती लिव्हरपूलला गेली. वय वीस. इंग्लंडच्या महिला सुपर लीगमधली ती पहिली आफ्रिकी खेळाडू.

कागदावर याहून चांगली निवड शक्य नव्हती, कारण लिव्हरपूलने २०१३ आणि २०१४ असं सलग दोनदा लीगचं विजेतेपद घेतलं होतं. पण २०१५ मध्ये तोच संघ आठांत सातवा आला. ओशोआलाचा गुडघा दुखावला आणि ती बरेच दिवस बाहेर बसली. त्या वर्षीच्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध ३-३ च्या सामन्यात तिने गोल केला खरा, पण क्लबचा हंगाम वायाच गेला. मार्च २०१६ मध्ये ती आर्सेनलला आली. मे महिन्यात वेम्ब्लीवर चेल्सीला १-० ने हरवून आर्सेनलने एफए कप हा इंग्लंडचा बाद पद्धतीचा चषक घेतला. तिच्या खात्यावर चषक जमा झाला, मात्र आघाडीच्या फळीतली पहिली पसंती ती तिथे कधीच झाली नाही.

देशाच्या संघात चित्र नेमकं उलटं होतं. २०१६ च्या अखेरीस कॅमेरूनमध्ये झालेल्या आफ्रिका चषकात सहा गोल करून ती स्पर्धेत पहिली आली. यजमानांना याउंदेत १-० ने हरवून नायजेरियाने चषक घेतला. आणि मग जे घडलं ते या प्रकरणाच्या मुळाशी आहे. विजेत्या मुली अबुजाला परतल्या आणि ठरलेला बोनस मिळाला नाही म्हणून हॉटेल सोडायला त्यांनी नकार दिला. पुढे त्या राष्ट्रीय संसदेवर मोर्चा घेऊन गेल्या. २००४ मध्येही अजिंक्यपद जिंकलेल्या संघावर दक्षिण आफ्रिकेतल्या हॉटेलात असाच ठिय्या द्यायची पाळी आली होती, आणि २०१९ च्या विश्वचषकानंतर फ्रान्समध्ये ती पुन्हा आली. आपल्याकडे राष्ट्रीय संघात निवड झाली की घरचे निवांत होतात, नोकरी पक्की मानतात. नायजेरियाच्या महिला संघात निवड झाली म्हणजे नाव पक्कं, पैसा नव्हे. त्यामुळे परदेशी क्लबचा पगार हीच खरी कमाई. त्यातून जून २०१६ मध्ये सरकारने नायरा या देशाच्या चलनाचा दर मोकळा सोडल्यावर तो कोसळला, म्हणजे परकी चलनात मिळणाऱ्या प्रत्येक महिन्याच्या पगाराचं वजन घरी वाढलं.

पेच

फेब्रुवारी २०१७ मध्ये ती बावीस वर्षांची होती. जानेवारीत तिला पुन्हा एकदा आफ्रिकेची सर्वोत्तम खेळाडू जाहीर केलेलं. पण इंग्लंडमध्ये दोन वर्षांत दोन क्लब होऊनही एकही सलग, भरघोस हंगाम पदरात पडला नव्हता. आघाडीच्या खेळाडूसाठी ही वाईट जागा असते. बचावपटू बाकावर बसून थोडंफार शिकू शकतो, पण गोल करणाऱ्याचा हात मैदानाबाहेर राहून टिकत नाही.

त्यातच इंग्लंडची लीग तेव्हा कूस बदलत होती. आधी हंगाम उन्हाळी होता, आता तो पुरुषांप्रमाणे हिवाळी करायचा होता. मधली फट भरायला २०१७ च्या वसंतात छोटी ‘स्प्रिंग सिरीज’ ठेवली होती. म्हणजे वर्षाच्या पहिल्या अर्ध्यात वाट्याला येणार जेमतेम आठ-नऊ सामने, आणि खरा हंगाम सप्टेंबरपासून. आर्सेनलने जानेवारीत बेथ मीड या आघाडीपटूला घेतलं होतं. मे महिन्यात दुसरी आघाडीपटू व्हिव्हियान मिडेमाही आली. मिडेमाचा करार फेब्रुवारीत कुणाला दिसत नव्हता हे खरं, पण क्लब आघाडीवर खर्च करायच्या बेतात आहे एवढं मीडच्या येण्यावरून वाचता येत होतं.

तेव्हा थांबायचं की निघायचं, आणि निघायचं तर कुठे?

समोरचे पर्याय

थांबणं हा पहिला पर्याय. आर्सेनलचं नाव, लंडन शहर, दोन वर्षांत अंगवळणी पडलेली भाषा आणि हवा. अशा वेळी ‘युरोप सोडू नकोस’ हा सल्ला घरीदारी सगळे देतात, कारण एकदा सुटलेली जागा पुन्हा मिळत नाही असा समज आहे. या समजात तथ्य आहेच. पण थांबण्याची किंमतही होती: आठ-नऊ सामन्यांचा हंगाम, त्यातही बदली म्हणून, आणि त्यानंतर मीड आणि मिडेमा यांच्या पाठीमागे रांगेत. मिडेमाने पुढे २०१८-१९ च्या हंगामात एकटीने बावीस लीग गोल केले. अशा खेळाडूमागे उभं राहून आपली वेळ येण्याची वाट बघायची असेल तर आयुष्य जातं.

युरोपातलीच सुरक्षितता किती खरी होती, हे त्याच एप्रिलमध्ये दिसलं. स्प्रिंग सिरीज सुरू व्हायला दोन दिवस असताना नॉट्स काउंटीने आपला महिला संघच बंद करून टाकला. खेळाडू सकाळी उठल्या त्या बेरोजगार म्हणूनच. ‘चीनमधले क्लब मालकाच्या लहरीवर चालतात’ असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंगही लक्षात ठेवायला हवा.

अमेरिका हा दुसरा पर्याय. तिचीच संघसोबती फ्रान्सिस्का ओर्देगा वॉशिंग्टन स्पिरिटमध्ये खेळत होती. लीगचा दर्जा उत्तम, शरीराला झेपेल तसा वेगवान खेळ. पण २०१७ मध्ये तिथला किमान पगार वर्षाला १५,००० डॉलर आणि कमाल ४१,७०० डॉलर. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंना त्यांची संघटना वेगळा पगार देत होती, परदेशी मुलीला तो आधार नाही. तिसरा पर्याय युरोपातलाच. फ्रान्समध्ये देझिरे ओपारानोझी गँगाँ क्लबात होती. तो मधला मार्ग: मध्यम क्लब, नियमित खेळ, बेताचा पगार. स्कँडिनेव्हिया हा तर नायजेरियन मुलींचा जुना रस्ता. पर्पेतुआ एन्क्वोचा, रिटा चिकवेलू स्वीडनमध्येच वर्षानुवर्षं खेळल्या.

आणि चौथा पर्याय, चीन.

इथे जरा थांबायला हवं. त्या हिवाळ्यात चीनचा फुटबॉल सगळ्या जगाच्या तोंडी होता, तो पुरुषांमुळे. ऑस्कर चेल्सी सोडून शांघायला गेला होता. तियानजिनच्या क्वानजियान क्लबाने व्हिट्सेल आणि पातो या युरोपात गाजलेल्या खेळाडूंना आणलं होतं. ‘पैशासाठी कारकीर्द विकली’ हे वाक्य रोज कुठे ना कुठे छापून येत होतं. ओशोआलाला बोलावणारा क्लब होता दालियान क्वानजियान, म्हणजे त्याच उद्योगसमूहाचा महिला संघ. दालियान हे लियाओनिंग प्रांतातलं बंदर. थंडी कडक, भाषा सर्वस्वी परकी, आणि युरोपातल्या निरीक्षकाची नजर तिथे पडायची शक्यता कमी. उलट बाजूला पगार, विजेतेपदाच्या तयारीचा संघ, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे परदेशी आघाडीपटूला तिथे गोल करण्यासाठीच आणतात. ती बाकावर बसली तर क्लबचाच पैसा वाया. त्यामुळे मैदानावरचा वेळ जवळजवळ हमखास.

पुरुषांची तुलना इथे दिशाभूल करते, असं मला वाटतं. ऑस्करच्या हातात लंडनमध्येही गडगंज पगार होता. महिला फुटबॉलमध्ये २०१७ साली लंडनचा पगार असा नव्हता की तो सोडणं म्हणजे हाव ठरावी. आणि पुरुषांमध्ये चिनी लीग व युरोपातली लीग यांत जेवढं अंतर होतं तेवढं महिलांमध्ये नव्हतं. चीनचा महिला संघ १९९९ च्या विश्वचषकात उपविजेता होता, तिथला महिला खेळ नवा नाही. २०२२ चा महिला आशिया चषक नव्या मुंबईत झाला तेव्हा अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला ३-२ ने हरवणारा संघही चीनचाच.

काय केलं

फेब्रुवारी २०१७ मध्ये ओशोआलाने आर्सेनल सोडलं आणि दालियानशी करार केला.

पहिल्याच हंगामात तिने बारा गोल केले, लीगमध्ये सर्वाधिक. दालियानने विजेतेपद घेतलं आणि २०१८ मध्ये पुन्हा घेतलं. आफ्रिकेच्या सर्वोत्तम खेळाडूचा २०१७ चा पुरस्कारही तिलाच मिळाला. म्हणजे युरोप सोडला की पुरस्कार देणारे विसरतात, हा समजही मोडला. चीनचा हंगाम वसंत ते शरद असल्याने वर्षाअखेरीच्या आफ्रिकी स्पर्धांशी त्याची टक्कर होत नव्हती. २०१८ च्या अखेरीस घानात नायजेरियाने पुन्हा आफ्रिका चषक घेतला. क्लब विरुद्ध देश ही ओढाताण युरोपात खेळणाऱ्या आफ्रिकी मुलींना वारंवार भोगावी लागते. तिच्या वाट्याला ती दोन वर्षं तरी कमी आली.

मग दुसरं वळण आलं. डिसेंबर २०१८ मध्ये क्वानजियान समूह अडचणीत आला. आरोग्य-उत्पादनं विकणारी ही कंपनी खोट्या जाहिराती आणि साखळी-विक्री यांच्या आरोपांत सापडली आणि जानेवारी २०१९ मध्ये संस्थापकाला पोलिसांनी ताब्यात घेतलं. तियानजिनच्या पुरुष संघाचं नाव बदललं आणि दालियानच्या संघावरूनही ‘क्वानजियान’ पुसलं गेलं. ज्या पैशावर दोन विजेतेपदं उभी होती तो झरा एका महिन्यात आटला.

त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी, ३१ जानेवारी २०१९ ला, बार्सिलोनाने तिला हंगामाच्या अखेरपर्यंत लोनवर, म्हणजे दालियानकडून तात्पुरतं उसनं, घेतलं. बार्सिलोनाचीही तेव्हा ओढाताणच चालू होती. लीगमध्ये अॅटलेटिको माद्रिद पुढे, जानेवारीतच प्रशिक्षक बदललेला, आणि लुईस कोर्तेस नव्याने सूत्रं हाती घेत होते. त्यांना तयार गोल करणारी हवी होती, आणि चीनचा हंगाम संपलेला असल्याने ती मोकळी होती. दोन कॅलेंडरांच्या फटीत हा करार बसला. ऐन हंगामात खेळणारी, युरोपातल्या दुसऱ्या क्लबात अडकलेली आघाडीपटू जानेवारीत इतक्या सहज मिळाली नसती.

काय झालं

१८ मे २०१९. बुडापेस्टला चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचा, अंतिम सामना. लियॉनने पहिल्या अर्ध्या तासातच बार्सिलोनाचा निकाल लावला होता. ४-० असताना, शेवटच्या मिनिटांत, बदली म्हणून आलेल्या ओशोआलाने गोल केला. सामन्याच्या दृष्टीने त्या गोलाला काही अर्थ नव्हता. तिच्या दृष्टीने होता. उन्हाळ्यात बार्सिलोनाने तिला कायम करारबद्ध केलं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळीकडे लिहिलेलं आहे. २०२१ मध्ये गोथेनबर्गला चेल्सीला ४-० ने हरवून चॅम्पियन्स लीग, २०२३ मध्ये आइंडहोव्हनला वुल्फ्सबर्गला ३-२ ने हरवून पुन्हा. २०२१-२२ मध्ये वीस लीग गोल आणि ब्राझीलच्या गेझेसोबत स्पेनमधला सर्वाधिक गोलांचा मान. २०२२ मध्ये बॅलन डी’ओर या जगातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या यादीत नाव. बार्सिलोनासाठी शंभराहून अधिक गोल. २७ जुलै २०२३ ला ब्रिस्बेनला यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध गोल करून तीन विश्वचषकांत गोल करणारी ती पहिली आफ्रिकी महिला खेळाडू ठरली. तो सामना नायजेरियाने ३-२ ने जिंकला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये, करार संपायला काही महिने उरले असताना, तिने बार्सिलोना सोडून सॅन होजेचा बे एफसी हा अमेरिकेतला नवाकोरा क्लब गाठला. क्लबच्या पहिल्याच लीग सामन्यात, एंजल सिटीविरुद्ध, संघाचा इतिहासातला पहिला गोल तिचाच. याच क्लबाने त्याच फेब्रुवारीत झांबियाच्या रेचल कुंडानांजीला माद्रिदहून आणण्यासाठी जवळपास ७.९ लाख डॉलर मोजले, महिला फुटबॉलमधला तेव्हाचा विक्रम. सात वर्षांपूर्वी कमाल ४१,७०० डॉलर पगाराची हीच ती लीग.

निर्णयाच्या जागा

मागे वळून पाहिलं की रस्ता सरळ दिसतो. तेव्हा तो तसा नव्हता, म्हणून तीन जागा वेगळ्या काढून पाहू.

पहिली २०१५ ची. वीस वर्षांच्या मुलीने विजेता क्लब निवडला. चूक म्हणता येणार नाही, पण तिने क्लबचं मागचं वर्ष पाहिलं. विजेता संघ उतरणीला लागला की पहिला फटका नव्या खेळाडूला बसतो. प्रशिक्षक जुन्यांवर भिस्त ठेवतो, दुखापत झाली तर वाट बघायला कुणाला सवड नसते. एफसी रोबोचीच दुसरी मुलगी, रशीदत अजिबादे, हिने वेगळी पायरी घेतली. आधी नॉर्वेचा अवाल्डसनेस, २०२१ मध्ये अॅटलेटिको माद्रिद आणि २०२५ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेन. नॉर्वेच्या छोट्या गावात बातमी होत नाही, पण सामने मिळतात.

दुसरी जागा २०१७ ची, हेच या प्रकरणाचं बीज. इथे तिने क्लबच्या नावाऐवजी मैदानावरचा वेळ निवडला, असं मी मानतो. पगार हे कारण नव्हतंच असं कुणी म्हणू नये. अबुजाच्या हॉटेलातला ठिय्या संपून जेमतेम दोन महिने झाले होते. पण एकट्या पगारासाठी गेलेली खेळाडू पहिल्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गोल करत नाही. आणि ती अपवादही नाही. मलावीची तबिता चाविंगा स्वीडनहून चीनला गेली, तिथे गोलांचा पाऊस पाडून इंटर मिलान आणि मग पॅरिसला पोचली. झांबियाची बार्ब्रा बांडा स्पेनहून शांघायला आणि शांघायहून ओरलँडोला. तिघींच्या रस्त्यात चीन मधलं स्टेशन आहे. बदनाम असलं तरी गाडी तिथून पुढे सुटते.

मात्र या तिघी आपल्याला माहीत आहेत कारण त्या पोचल्या. ज्या दुसऱ्या हंगामात जखमी झाल्या, ज्यांचा क्लब बुडाला, ज्यांना परतीचं तिकीट स्वतः काढावं लागलं, त्यांची नावं कुणी लिहून ठेवत नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांतून खेळलेले नायजेरियन खेळाडू पाहिलेल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. लागोसहून निघालेला प्रत्येक जण लंडनला जात नाही. आणि मोठ्या क्लबात न पोचलेली कारकीर्द फसलेलीच असते असंही नाही. ओनोमे एबी स्वीडन, तुर्कस्तान, बेलारूस, चीन अशी फिरली, कुठल्याही झगमगत्या क्लबाचं नाव तिच्यामागे नाही, आणि २००३ ते २०२३ अशा सहा विश्वचषकांच्या संघात ती होती. आफ्रिकेत असं दुसरं कुणी नाही.

तिसरी जागा जानेवारी २०१९ ची. आफ्रिकेची अनेकदा सर्वोत्तम ठरलेली, चीनमध्ये दोनदा विजेती, आणि बार्सिलोना देऊ करतो पाच महिन्यांचा लोन, पुढची हमी नाही. इथे मान आडवा येऊ शकला असता. ‘घ्यायचं तर कायमचं घ्या’ असं म्हणून बसलेल्या खेळाडू मी पाहिल्या आहेत, आपल्याकडच्याही. तिने पाच महिन्यांची परीक्षा स्वीकारली.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठा धोका, माझ्या मते, दालियानच्या करारातच होता, आणि तो भाषेचा किंवा थंडीचा नव्हता. एका मालकाच्या एका धंद्यावर उभा असलेला क्लब. असा करार करताना मालकी किंवा प्रायोजक बदलल्यास खेळाडूला मोकळं होता येईल असं कलम मागायला हवं. सगळे क्लब देत नाहीत, पण सर्वाधिक गोलांसाठी आणलेल्या खेळाडूला ते मागायचा जोर असतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये फिफाच्या नियमांतही आजचा आधार नव्हता. दोन महिन्यांचा पगार थकला, खेळाडूने लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत दिली आणि तरीही पैसे आले नाहीत, तर तिला करार मोडता येतो, हे स्पष्ट कलम आलं जून २०१८ मध्ये. आज दूरदेशी करार करणाऱ्या मुलीने ही नोटीस कशी लिहायची हे एजंटवर न सोपवता स्वतः शिकून ठेवावं. आपल्या मनीषा कल्याणसारख्या, सायप्रस आणि ग्रीसच्या क्लबांत खेळलेल्या मुलींनाही हेच लागू. फिफाचा नियम सायप्रसला एक आणि चीनला दुसरा नसतो.

दुसरी गोष्ट दुखापतीची. लिव्हरपूलच्या हंगामात गुडघ्याने जे वर्ष खाल्लं, ते करारात बसवता येतं. उपचार कुठे, कुणाच्या खर्चाने, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायची मुभा कुणाला, आणि दुखापतीत पगार किती दिवस पूर्ण. वीस वर्षांची मुलगी पगाराचा आकडा बघते आणि ही पानं उलटते. एकदा का ती बाकावर बसली की तीच पानं महत्त्वाची ठरतात.

तिसरी गोष्ट तिच्या हातातली नव्हती, पण प्रकरणात ती मोडतेच. तिला घडवणाऱ्या एफसी रोबोला काय मिळालं? पुरुष खेळाडू परदेशी गेला की घडवणाऱ्या क्लबाला फिफाच्या नियमानुसार प्रशिक्षणाची भरपाई मिळते. महिला फुटबॉलला ती लागू नाही. दुसरा मार्ग, चालू करारात बदलीची रक्कम दिली गेली तर त्यातला पाच टक्क्यांचा वाटा घडवणाऱ्या क्लबांत वाटायचा. पण महिलांमध्ये वर्षानुवर्षं बहुतेक जणी करार संपल्यावर मोकळ्याच गेल्या, त्यामुळे पाच टक्के कशाचे, हाच प्रश्न. लागोसमध्ये मुलींना शिकवणारा क्लब या मुलीच्या बार्सिलोनापर्यंतच्या प्रवासात वाटेकरी होत नाही. ओशोआलाने पुढे स्वतःच्या नावाने फाउंडेशन आणि लागोसमध्ये मुलींची अकादमी उभी केली. कौतुकाची गोष्ट आहेच, पण नियमातलं भोक एका खेळाडूच्या खिशातून बुजवलं जातं आहे हेही खरं.

२६ जुलै २०२५ ला रबातमध्ये यजमान मोरोक्कोविरुद्ध ०-२ ने मागे पडलेल्या नायजेरियाने ३-२ असा सामना फिरवून दहावं आफ्रिकी अजिंक्यपद घेतलं. कर्णधार आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू अजिबादे. ओशोआला संघात होती, पण आता आघाडीची पहिली पसंती नव्हती. त्यानंतर काही आठवड्यांत तिने सॅन होजे सोडून रियाधच्या अल हिलालशी करार केला. पुन्हा एकदा ज्या लीगला जाणकार नाकं मुरडतात अशी लीग, पुन्हा एकदा पैशाची चर्चा. फरक दोन आहेत. क्लबमागे या वेळी आरोग्य-उत्पादनं विकणारा धंदा नसून सौदी सरकारचा निधी होता. आणि दालियानला जाताना ती बावीसची होती, रियाधला जाताना तिशीची. बावीसच्या वर्षी मैदानावरचा वेळ मोजायचा असतो. तिशीत पगाराचा आकडा आधी वाचला तर तिला कुणी जाब विचारू नये.